बिजागरी

चाळीस डॉलर आणि एक पीच पाय,
एवढ्यावर सौदा तुटला.
हर्शबर्गर म्हणाला, नेतेस तर ने,
पण उंदरांना आधी नोटीस दे.
इंजिनाच्या पत्र्याखाली त्यांनी संसार मांडला होता:
मक्याची सालपटं, गादीतला कापूस,
आणि चौऱ्याहत्तर सालच्या बियाण्यांच्या कॅटलॉगमधले
कुरतडलेले टोमॅटो.

नाव व्हील हॉर्स. एकसष्टचं मॉडेल.
उंची माझ्या कमरेएवढी.
घोडा म्हणायचं, पण शिंगरूच.

सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
मागे पन्नास पोरं किंचाळत असताना
पुढे कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, ते मला ऐकू यायचं.
हा मात्र चकार शब्द काढेना.
पिस्टननं सिलिंडर असा धरून ठेवलेला
जसा एखादा म्हातारा, दवाखान्यात नेताना,
दाराची चौकट धरतो.

मी जबरदस्ती केली नाही.
प्लगच्या भोकातून तेल सोडलं
आणि रोज, कोंबड्यांना दाणे टाकून झाले की,
फ्लायव्हीलला नुसता हात लावून यायची.
एकोणिसाव्या दिवशी तो केसभर हलला.
कोणाला सांगितलं नाही.
सांगणार काय? केसभर?

हिवाळाभर मडगार्ड धुण्याच्या सोड्यात बुडून होते,
बॅटरी चार्जरच्या तारा लावून,
पाण्यावर तपकिरी फेस.
बहीण नादीन आली, तिनं सिंकमध्ये कार्बोरेटर पाहिला
आणि चहा न घेताच गेली.
मग रंग. लाल, पण कुठला लाल?
आमच्या क्लबातली माणसं
मतदानावरून जेवढी भांडत नाहीत
तेवढी या लालवरून भांडतात.
मी सीटखालचा एक तुकडा खरवडला,
जिथे साठ वर्षं ऊन गेलंच नव्हतं,
आणि तोच घेऊन दुकानात गेले.

बॉनेटची बिजागरी मात्र मूळची नव्हती.
कोणीतरी स्वयंपाकघरातल्या कपाटाची लावलेली,
पितळी, वर बारीक वेलबुट्टी,
एक स्क्रू चपटा, एक गोल डोक्याचा.
घाईत लावलेली नव्हती. भोकं कानसून नीट केलेली.
खरी बिजागरी अकरा डॉलरला मिळते.
मी मागवली. पाकीट आलं.
पाकीट ड्रॉवरमध्ये आहे.

ऑगस्टात जत्रा. घोडामैदान जवळच.
तळलेल्या कणकेच्या वासात, डुकरांच्या शेडपलीकडे
बागेतले ट्रॅक्टर ओळीनं उभे,
मधमाश्या येऊन बसाव्यात असे पिवळे, हिरवे, केशरी.
ड्वाइट फिस्टर पोत्यावर गुडघे टेकून
टॉर्चनं प्रत्येकाचं पोट बघत होता.
माझ्यापाशी थांबला. वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला.
“छान आहे,” म्हणाला,
आणि चार गुण कापले.

पहिला नंबर ज्याला मिळाला
त्याची चाकं तान्ह्या पोराच्या तळव्यांसारखी.
माझा तिसरा. पांढरी फीत.
एका मुलानं विचारलं, हा गवत कापतो?
त्याच्या आजोबांनी त्याला पुढे ओढलं.
मी तोंड उघडलं होतं.

परतताना हर्शबर्गरकडे थांबले.
बिजागरी दाखवली. त्यानं चष्मा लावला, काढला.
बायकोचं कपाट असेल, म्हणाला. किंवा आधीच्या मालकाचं.
स्वयंपाकघर तर आम्ही ब्याण्णवमध्येच उपटून फेकलं.
बराच वेळ तो ते बॉनेट
उघडत राहिला, मिटत राहिला.
कुरकुर नव्हती.
मग म्हणाला, पाय चांगला होता गं, पीचचा.

रविवारी मी ब्लेड जोडलं.
टपालपेटीपासून खड्ड्यापर्यंतची पट्टी कापली,
ओलं गवत, दोन दगड,
डाव्या मडगार्डवर बोटभर ओरखडा.
त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं.

ड्रॉवरमधलं पाकीट अजून फोडलेलं नाही.
त्याच्या पाठीवर बोल्टांची मापं लिहिली आहेत:
पेरूच्या रस्त्यावर, एका गॅरेजमागे,
द्राक्षाच्या वेलात अडकलेला
आणखी एक बघून आलेय.
तो एक अक्षर बोलत नाही.