किरकोळ

खाजणाच्या संघाची वही मी लिहिते.
चोडणची मानस, तिचा वर्षाचा लिलाव,
कुठल्या रात्री किती वाजता पाणी सोडलं,
बांधाला किती होड्या चिखल लागला :
सगळं माझ्या अक्षरात, निळ्या शाईत.

आज दिवस उजाडायच्या आत कायतान दारात,
खांद्यावर फाटकं जाळं.
म्हणाला, ऊद आले होते. पाच. नाही, सहा.
खाल्लं ते खाल्लं, उरलं ते चावून टाकलं.
लिलावाचे पैसे मी काय उदांच्या जेवणाचे भरले?
नुकसान लिही, बाये.

(वनखात्याच्या पाटीवर पाणमांजर आहे.
पाटी वाचायला ते येत नाहीत.)

मी वही उघडली. रकाने होते :
सुंगटं, शेवटे, काळुंद्रं, कुर्ल्या, किरकोळ.
ऊद कुठे लिहायचा?

किरकोळात घाल, रुझार म्हणाला.
रुझार मानशीचा राखणदार.
भरती ढकलते तेव्हा फळ्या आपल्या आपण मिटतात,
ओहोटी ओढते तेव्हा उघडतात,
कुणाच्या हाताची गरज नसते.
तरी अमावास्येला हा रात्री दोनला उठतो
आणि दाराला कान लावून बसतो.

कायतान पेज प्यायला बसला तेवढ्यात
मी मागच्या पानावर पेन्सिलीनं उलटा हिशेब मांडला.
उदाच्या पोटात शेवटा.
शेवट्याच्या पोटात चिखल, वर शेवाळाची साय.
चिखलात तिवराचं पान,
बुरशीनं मऊ केलेलं, कुर्लीनं कातरलेलं,
सुंगटांच्या पिल्लांनी चघळून सोडलेलं.
आणि पानात?

पानात गेल्या मार्चचं ऊन,
ज्यात छत्री धरून मी लिलावाला उभी होते
आणि कायतान तीनदा बोली वाढवत होता.

काट्यावर ऊन ठेवता येत नाही.
पण शाळेत शिकवलेलं थोडं आठवत होतं :
खाणाऱ्याच्या अंगी लागतो साधारण दहावा वाटा,
त्याला खाणाऱ्याच्या अंगी त्याचाही दहावा.

दशांश? रुझार हसला. तो आम्ही इगर्जेत देतो.
आणि बाकीचे नऊ कोण नेतो?

कुणी नेत नाही. जळतात.
पोहण्यात, पळण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात,
पिल्लांना शिट्टी घालण्यात.

परत येत नाहीत?

चिखल परत येतो. मीठ येतं. हाडं येतात.
ऊन नाही. ते रोज वरून नवं यावं लागतं.

म्हणजे आपण सगळेच भाड्यानं, रुझार म्हणाला,
आणि वळणावर घेऊन गेला, जिथे उदांची बसायची जागा आहे.
बांधावर वाळलेली विष्ठा,
तिच्यात शेवट्याचे खवले, कुर्लीच्या नांगीचं टोक,
वास असा की मी पदर नाकाला लावला.
तिथलं गवत मात्र हातभर उंच,
बाकीच्या बांधावर वीतभरसुद्धा नाही.
खाली ओल्या चिखलात एक निवटी
डोळे वर काढून आमच्याकडे बघत होती,
जणू तिलाच सही करायची आहे.

परत आले तर कायतान घाईत.
बाजारात सुंगटं थांबत नाहीत, बर्फ वितळतो.
लिही लवकर.

किरकोळच्या रकान्यात मी घाईनं लिहिलं :
सहा ऊन.
द लिहायला गेले आणि न झाला.

कायताननं खाली सही ठोकली, वाचलं नाही.
रुझारनं वाचलं. काही बोलला नाही.
हिशेब तपासणीस एप्रिलात येतात.
खोडरबर टेबलाच्या खणात आहे,
शाईवर तो चालत नाही.