दोरीच्या टोकाला

डोनाघडीचा दिवा मागे बुडाला
त्याला नऊ तास झाले, ब्रोना.
नियम एवढाच : तुला हात लावायचा नाही.
म्हणून दोरीला बांधून बाटली फेकतो,
ओटची कोमट पेज, चिमूटभर मीठ.

तू उताणी होऊन पितेस.
ओठ निळे, मानेवर जेलीफिशचे वळ.
विचारतेस, "किती राहिलं?"

नावाडी कॉर्मॅक माझ्याकडे बघत नाही.
ओहोटीनं तासभर जागच्या जागी धरलंय,
त्याला ठाऊक, मला ठाऊक.
"स्कॉटलंड दिसतंय," मी म्हणतो.
अठ्ठावीस वर्षांच्या संसारात
इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो.

तू हसतेस. कळलंय बहुतेक.
पुन्हा पालथी.

मी दोरी ओढत राहतो.
बाटली येते रिकामी, गार,
बुचावर
तुझ्या दातांची ताजी खूण.