दोन मायक्रॉन

मे महिन्यात सकाळी साडेपाचलाच प्रयोगशाळा उघडते मी.
नंतर अमरावती रोडभर कूलर लागतात,
व्होल्टेज डुलायला लागतं
आणि भांड्यातल्या द्रावणातून बसणारा थर
एका अंगानं जाड होतो.

टायटॅनियमची पत्री. जाडी दोन मायक्रॉन.
श्वास रोखून उचलायची.
शिंकलं की महिन्याचा पगार उडाला,
असं बांबोडे मॅडम म्हणतात,
आणि हसत नाहीत.

चौकटीवर ताणताना मात्र मी डोळे मिटते.
गोळीबार चौकातल्या मागावर
बाबा असाच ताणा तपासायचे, बोटाच्या पाठीनं.
“पाहू नोको, आयक.
सूत तुटाच्या आंधी सांगते.”

पत्रीही सांगते.

मग तिच्यावर गॅडोलिनियम चढवायचं,
हजार व्होल्टवर, अर्धा तास.
हे आपलं सरावाचं. खरं द्रव्य दूरच्या गावी,
बंद पेटीत, रबरी हातमोज्यांच्या पलीकडं.
इथल्या खिडकीतून दिसतं ते फुटाळ्याचं पाणी,
तेही मेमध्ये मागं सरलेलं.

वाळताना तडे गेले तर थर दिसतो
कन्हानच्या उघड्या पात्रासारखा.
सतरा वेळा गेले.
वहीत सतराही नोंदी आहेत:
बहुतेकांपुढं प्रश्नचिन्ह,
एका ठिकाणी ‘लाइन गेली’,
एका ठिकाणी ‘मीच’.

अठरावी मी मांडीवर घेऊन दिल्लीला नेली.
टीसीला वाटलं, डब्यात दागिने असतील.
तिथं ती चाकावर चढली, इतर अकरा जणींसोबत.
मिनिटाला दोन हजार फेरे,
म्हणजे झोत एकीलाच पोळत राहत नाही,
मार सगळ्यांत वाटला जातो.

बाबांना एकदा सांगायला गेले होते हे.
आयन आपटत राहायचे, रात्रंदिवस, महिनोन्महिने,
तेव्हा कुठं एखादा अणू जमतो,
जगात कुठंच नसलेला.
“मंग?”
मग मोडतो.
“कितीक येळात?”
मी चुटकी वाजवली. म्हटलं, याच्याही आत.
बाबा बराच वेळ खर्रा घोटत बसले.
“मंग टिकाचं कोनाले असते?”
पत्रीला, मी म्हटलं.
“असं बोल न. पातळ इटते, काठ राह्यतो.”
आणि उठून मागाखाली पडलेली कांडी शोधायला लागले,
जणू विषय संपला.

परवा अठरावी परत आली.
मधोमध तपकिरी पट्टा,
चहाच्या कपानं टेबलावर उमटावा तसा.
तडा नाही. सुरकुती एक, काठाशी,
ती माझ्याच चिमट्याची.

मॅडमनी भिंग दोनदा पुसलं.
मी वही काढली. अठरा.
पुढचा रकाना माझ्याच हातानं आखलेला:
‘फाटण्याचं कारण’.
न फाटण्याचं लिहायला
जागाच ठेवली नव्हती मी.

समासात तारीख घातली.
तिच्याखाली, बारीक अक्षरात: ‘ताण ऐकला’.
मॅडम म्हणाल्या, हे अहवालात चालणार नाही.
म्हटलं, अहवाल वेगळा लिहिते.