उणे चौतीस

खोकं आलं ते बर्फ वितळायच्या आधी,
दुधाच्या व्हॅनमधून, कुतैसीच्या शिक्क्यासकट.
लामाराने ते स्टाफरूममध्ये उघडू दिलं नाही.
छातीशी धरून नेलं थेट संगीताच्या खोलीत,
जिथे पियानोच्या अकरा पट्ट्या मुक्या आहेत
आणि शेगडीवर मुलांचे मोजे वाळतात.

एकसष्ट वर्षांची बाई.
अर्ज तिने स्वतः भरला होता, तीनदा.
"अपेक्षित फलनिष्पत्ती" या रकान्यात
पहिल्यांदा तिने लिहिलं होतं "आनंद".
तो परत आला.

मी गणित शिकवतो, म्हणून मला हाक.
एक टॅब्लेट, एक मायक्रोफोन, पडद्यावर सुई:
स्वर जमला तर हिरवी, चुकला तर लाल.
मी समजावलं, दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे
शंभर तुकडे केलेत, प्रत्येक तुकडा मोजता येतो.
"शंभर?" ती म्हणाली,
आणि अशी हसली
जसं घासाघीस न करताच
दुकानदाराने भाव उतरवल्यावर हसावं.

सोमवारी सहावीचा वर्ग.
वरचा आवाज दारिको, मधला उशांगी,
खाली भिंतीसारखे उभे तिघे भाऊ.
कापणीचं गाणं, ज्यातले निम्मे शब्द
आता म्हाताऱ्यांनाही कळत नाहीत.
मायक्रोफोन उशांगीपुढे.
सुई लाल.
पुन्हा.
लाल.
पोराने कान चोळले, जणू चूक तिथेच चिकटली होती.
मग तो सुईकडे बघत गाऊ लागला,
सुई हिरवी झाली,
आणि गाणं, कसं सांगू,
मीठ विसरलेल्या सूपासारखं झालं.
सगळे बरोबर होते. कुणालाच चव लागेना.

मला वाटलं, आता ही खोकं परत पाठवणार.
तिने वही काढली. रकाने आखायला माझीच फूटपट्टी नेली.
आठवडाभर टॅब्लेट काखेत मारून गावभर फिरली:
लोहार वारलाम, त्याची आंधळी बहीण,
घंटा वाजवणारा ग्रिशा,
आणि तो टॅक्सीवाला, ज्याला तिने दोनदा मोजलं,
एकदा चढलेली असताना, एकदा उतरल्यावर.
मोबाइलवर खर्ज लावायचा, म्हणायचं, मधला स्वर दे.
उणे तेहतीस. उणे छत्तीस. उणे चौतीस.
(टॅक्सीवाला दोन्ही वेळा उणे चौतीस.)

सरासरी मी काढली. पेन्सिल जरा थांबली.
यातली दोन माणसं कुंपणावरून
नऊ वर्षं कोर्टात भांडतायत,
एकमेकांच्या मयतालाही जायची नाहीत,
आणि चुकतात तर एकाच जागी,
केसभराच्या फरकाने.
"म्हणजे काय रे हे?" लामाराने विचारलं.
गणितात याला स्थिरांक म्हणतात,
तेवढं सांगितलं. पुढचं मला येत नाही.

तिने औषधपेटीतली चिकटपट्टी कातरली,
लाल-हिरव्याच्या जागेवर लावली.
आकडा तेवढा उघडा ठेवला.
आता पोरं ओरडतात, "बाई, मी उणे एकोणतीस!"
"अजून उतर जरा. पायरी आहे तिथे, पडणार नाहीस."

एप्रिलमध्ये एकदा मी दारात उभा होतो.
घंटा होऊन गेली होती.
दारिको एकटीच वरचा स्वर धरून उभी,
लामारा तिच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती.
आकडा वाचायची, मान डोलवायची.
मुलीचा श्वास संपला, स्वर थांबला,
शेगडीतलं लाकूड तडकल्याचं मला ऐकू आलं.
मान डोलतच राहिली,
आकडा पुसला जाईपर्यंत.

अर्जात आणखी एक रकाना होता: "गरज".
तिथे तिने काय लिहिलं होतं, मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन
आकड्याचा आकार दुप्पट करून ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली, चष्मा पुसत.
"मागच्या बाकावरच्या मुलांना दिसत नव्हता."