तिसरा डोळा देठापाशी

नर्सरीच्या ग्रुपवर निरोप आला: एकतीस तारखेला
प्रत्येकानं एक भोपळा, डोळे-तोंड कोरून.
बायको म्हणाली, घ्या, तुमचंच काम आलं.

खरंय. मिरजेत या गल्लीत वीस वर्षं
मी भोपळेच कापतोय.
पण ते कडू, वाळलेले, आतून मोकळे, तंबोऱ्याचे.
टिचकी मारली की आधीच सांगून टाकतात
कुठल्या पट्टीत बोलणार ते.
हा सांगलीच्या मंडईतला, लाल, साडेतीन किलो.
टिचकी मारली तर नुसता ढप्प.

मी कंपास घेतला. मधली रेघ आखली.
दोन्ही डोळे देठापासून सारख्या अंतरावर.
मिस्बानं स्केचपेन उचलला
आणि तिसरा डोळा काढला, पार देठापाशी.
‘वल बगायला.’

अडीच वर्षांची आहे. मदत करते.
म्हणजे करवत मागते, कानस मागते,
सरसाच्या भांड्यात बोट बुडवून ते मला चिकटवते,
आणि मी तिच्याकडे पाहतोय तेवढ्यात
माझी चप्पल घालून रस्त्यावर जाते.

मंडईतली बाई सुटे मोजताना बोलली होती,
पहिली सुरी बायामाणसानं लावू नये बरं का भोपळ्याला.
मला ते आठवलं तेव्हा
सुरीच्या मुठीवर मिस्बाची मूठ होती, तिच्यावर माझी,
आणि पातं बोटभर आत गेलं होतं.
शेजारच्या दुकानात कुणी जोडाची तार लावत होतं.
ते लावतच राहिलं.

आत ओलं. मला ओल्याची सवय नाही.
तिनं कोपरापर्यंत हात घातला:
‘अब्बा, याच्या पोटात केश!’
एक बी कानात गेली, एक नाकाच्या दारात पकडली.
बाकीच्या कुठं गेल्या ते संध्याकाळी कळलं.
तंबोऱ्याच्या घोड्या ज्या डबीत ठेवतो
ती बियांनी गच्च भरलेली.
घोडी म्हटल्यावर तिला खाऊ नको?

दात किती करू, मी विचारलं.
तिनं आ केला, माझं बोट आत घेतलं,
मी मोजत गेलो आणि नवव्याला चावली.
पुढच्या एका दाताचा कोपरा नाहीये,
बकरीदच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडली होती.
भोपळ्यालाही तो दात तसाच हवा.
पाहिजे तसा तुटेना.
हातानं आयुष्यभर सरळ कापलेलं,
चार वेळा चुकवावं लागलं.

पणती आत ठेवली, लाईट घालवली.
ती घाबरेल म्हणून मी जवळ बसलो.
तिनं टिचकी मारली, माझ्यासारखी,
गाल टेकवून ऐकलं.
‘बोलत नाय.’
तार नाही ना त्याला, मी म्हणालो. उगाच म्हणालो.
केरातला तारेचा तुकडा घेऊन ती समोर उभी.

रात्री अकरा. शटर अर्धं खाली.
दोन तंबोरे पॉलिशला, कोल्हापूरची ऑर्डर तटलेली,
आणि मी भोपळ्याच्या तोंडात तार बसवतोय.
वरच्या दाताला खुंटी, खालच्याला घोडी.
ओल्याला तार धरत नाही. छेडली
तर कुणी आवंढा गिळावा एवढाच आवाज.
दोनदा छेडली.

सकाळी गराचे घारगे झाले.
मिस्बानं दीड खाल्ला,
उरलेला अर्धा थेट तारेवरून आत कोंबला.
मी बोट पुढं केलं तशी हात धरला माझा.
‘जेवतोय तो. जेवताना बोलायचं नशतं.’