शेरा

हेळवाकच्या विश्रामगृहात तीन दिवसांचं प्रशिक्षण.
सतरंजीवर आम्ही बावीस जण, वनपाल दोन, ते खुर्चीवर,
आणि पडदा साताऱ्याहून यायचा राहिला म्हणून
भिंतीला चार खिळ्यांवर
खानसामा शेडग्यांची धुतलेली लुंगी.

नगरकर मॅडम सांगत होत्या,
आधी अक्षांश, मग रेखांश. गल्लत नको.
मागं इथल्याच कुणी उलटं भरलं
आणि नवज्याचा गवा जाऊन उभा राहिला
नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात.
सगळे हसले.
मी नाही हसले. गवा माझा होता.
सहा महिने तो तिथं, गळ्याएवढ्या पाण्यात,
आणि इकडं मी भत्त्याची बिलं भरत होते.

मग शेकरू.
शेकरू, शेकरु, शेखरू,
आणि कुणा शहाण्यानं लिहिलेली ‘मोठी खार’:
कॉम्प्युटरच्या लेखी चार जनावरं.
मॅडमनी एकेक उकार धरून
चौघांना एका फांदीवर आणून बसवलं.
शाळेत शुद्धलेखनात मला दहापैकी तीन.
गुरुजी पट्टी मारायचे, कारण सांगायचे नाहीत.

दुपारी वीज गेली. लुंगीची पुन्हा लुंगी झाली.
आम्ही बाहेर लेंड्या ओळखायला बसलो.
बिरू झोरे, हंगामी मजूर, वय कागदावर अठ्ठावन्न,
दिलेला मोबाइल त्यानं दोन्ही हातांत धरलेला,
काठोकाठ भरलेलं दूध असल्यासारखा.
लेंडी मात्र एका बोटानं उलटवली.
‘भेकर. रातचं. घाईत हुतं.’
प्रजाती भरली. वेळ भरली.
घाईसाठी रकाना नव्हता.
मॅडम म्हणाल्या, शेऱ्यात टाका.
शेरा म्हणजे साहेबांची जागा, असं आम्ही आजवर समजत होतो.

तिसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाच, रेषा क्रमांक चार.
बिरू पुढे, मी मागे, मॅडम सर्वांत मागे.
कारवीतून दोन किलोमीटर, दोन तास, पावलं मोजून.
काही नाही.
एक पानसुद्धा उगाच हललं नाही.
शेवटच्या खांबाशी मोबाइलनं विचारलं: किती?
बिरूनं माझ्याकडं बघितलं, आवाज पाडून म्हणाला,
‘दोन भेकरं टाकू का? न्हाईतर साहेब म्हणंल झोपला व्हता.’

हे गणित मला येतं.
सतरा सालचा ऑक्टोबर मी सोळावरून उतरवला होता.
पायाला टाके होते, बीटात मी एकटी,
आणि अगदी तेच आकडे बरे दिसेनात
म्हणून एक सांबर वाढवलं.
नंतर ते साताऱ्याला गेलं, तिथून नागपूरला,
हिरव्या शाईच्या सहीखाली चरत राहिलं,
कुठल्याशा तक्त्यात रेघ थोडी वर गेली त्याच्यामुळं.

मॅडमनी ऐकलं होतं बिरूचं.
रागावल्या नाहीत. शून्य भरा म्हणाल्या.
आणि मग, पाण्याची बाटली उघडता उघडता,
‘चाललो, झोपलो नव्हतो, हे तुम्ही कसं सांगाल?’
बिरूनं टोपी काढली. डोकं खाजवलं. परत घातली.
मागं वळून आलेल्या वाटेकडं
बराच वेळ बघत राहिला.
मग सांगितलं, मी टाइप केलं:
‘गवतावरचं दव मोडलेलं नव्हतं. आमीच पयले.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं.
शेकरूचे उकार जुळवणाऱ्या त्या बाईनं
‘पयले’ला हात लावला नाही.

जेवणाआधी मी गव्याचे दोन आकडे अदलाबदल केले.
आला. नवज्याच्या ओढ्यावर, जिथं होता तिथंच.
आणि रात्री बीटाची जुनी वही काढली.
खाडाखोड करायची नाही, शिकवलं होतं,
एक आडवी रेघ, आजची तारीख, आद्याक्षरं.
सांबरावरून पेन दोनदा मागं घेतलं.
इतक्या वर्षांत एकदाही पाणी पाजलं नव्हतं मी त्याला.
मग रेघ मारली,
आणि बाजूच्या शेऱ्यात, बारीक अक्षरात,
पाय दुखत होता, असं लिहिलं.