तळटीप एकशे बारा

जानेवारीत किर्शबर्गच्या पठारावर
धुकं दुपारी दोनपर्यंत उठत नाही.
न्यायालयाचे सोनेरी मनोरे कमरेपासून वर गायब असतात
आणि आम्ही कमरेखालच्या मजल्यांवर बसून
गेल्या वर्षाची बेरीज करतो.

दाखल किती, निकाली किती, तुंबले किती.
सरासरी मुदत सोळा महिने, वर थोडे दिवस.
हत्तिणीला बावीस लागतात, डेओलिंडा म्हणते.
ती संध्याकाळी टोपल्या रिकाम्या करायला येते
आणि आमच्या आकड्यांची कीव करते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे माणूस चढतच नाही सहसा.
चढतो त्याचा प्रश्न,
खालच्या कोर्टानं धुऊन, पिळून, घडी घालून पाठवलेला.
उत्तर द्यायचं, परत रवाना करायचं.
शेवटी कोण जिंकलं
हे आमच्या टेबलावर येत नाही.

यंदा एक वासरू होतं, सरहद्दीच्या कुंपणात जन्मलेलं:
पुढचे पाय एका देशाच्या अनुदानात, मागचे दुसऱ्याच्या.
मधाच्या बरणीवर 'डोंगरातला' लिहायला
मधमाशीनं किती उंच उडावं, हेही होतं.
माझ्या वाट्याला आला एक ट्रकवाला, पानेवेझिसचा.
लिथुआनियन माझी मायबोली, म्हणून.

ल्योनजवळच्या तळावर तो केबिनमध्ये आडवा झाला होता.
मालक फोनवर म्हणाला, झोप की,
फक्त एक कान मालाकडे राहू दे.
प्रश्न एवढाच:
एक कान जागा ठेवून झोपलेला माणूस
विश्रांती घेत असतो, की काम करत असतो?

चौदा महिने आम्ही त्या कानाचा कीस पाडला.
खल फ्रेंचमध्ये, निकाल चोवीस भाषांत.
एकीत विश्रांती म्हणजे थांबणं, एकीत नुसतं पडणं,
एकीत कुणाचं काही देणं नसणं.
आमच्याकडे पोइल्सिस.
हा शब्द मी लहानपणी थडग्यांवरच वाचलेला,
त्यामुळे दर वेळी टंकताना हात जरा अडायचा.

किरमिजी झगे आत आले, सगळे उभे राहिले.
कान मालकाचा, म्हणून रात्र कामाची.
वाचायला चार मिनिटं लागली.

खऱ्या माणसांची नावं आता छापत नाहीत.
एक यंत्र नावं पाडतं,
कुठल्याही गावात हाक मारली तरी
कुणी वळून बघणार नाही अशी.
ट्रकवाल्याला मिळालं ब्रेल्टॉस.

शुक्रवारी फाटकावरून फोन आला:
खाली एक माणूस उभा आहे.
म्हणतो, मी तो कान.

ग्विदास नाव. गाडी बेटेम्बुर्गला लावून बसनं आलेला,
बूट पुसायला फाटकाशी खाली वाकलेला.
मी अहवालाचा कच्चा खर्डा काढला.
पान एकोणनव्वद, तळटीप एकशे बारा, अडीच ओळी.
त्यानं बोट ठेवून वाचलं, ओठ हलवत.
ब्रेल्टॉस कोण?
तुम्हीच.
बराच वेळ तो त्या नावाकडे बघत राहिला,
नव्या बदली ड्रायव्हरकडे बघावं तसा.

मग म्हणाला, पैसे नाही मिळाले.
निकाल पोचायच्या आत मालकानं कंपनी बुडवली,
बायकोच्या नावानं दुसरी काढली.
मी काही बोलले नाही. त्याचा रकाना नाही आमच्याकडे.
तोच म्हणाला, असू द्या.
आता रात्री मालाजवळ ह्या ब्रेल्टॉसला बसवतो.
मी झोपेन.

छापून कधी येणार, त्यानं विचारलं.
एप्रिलमध्ये.
एप्रिलमध्ये मी पोर्तुगालच्या फेऱ्यांवर.

डेओलिंडा टोपली उचलता उचलता थांबली.
तिनं त्याच्या तळहातावर पेनानं
व्हिझेउच्या अलीकडच्या एका तळाचं नाव लिहिलं.
तिथे कुत्री राखण करतात, म्हणाली,
चार आहेत, धाकटीला तेवढं पाव देऊ नका.